गाठ कापायच्या आधी: सीमाभागातल्या पशुवैद्यांनी कुत्र्या-मांजरांची कॅन्सर सर्जरी कशी शिकावी

बेळगावच्या हिंदवाडीतल्या एका लॅब्राडोरच्या मांडीवर लिंबाएवढी गाठ होती. मालक म्हणाले, "काढून टाका की ओ डॉक्टर, एवढीशीच तर आहे." मी चाचपून बघितलं, जरा हलत होती, चरबीची गाठ असणार असं धरून चाललो. चीर दिली, बोट फिरवलं आणि गाठ चिकूच्या बीसारखी अखंड सुटून आली. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली. गाठ ट्रेमधून थेट पिवळ्या पिशवीत गेली. सुई टाकली नव्हती, तपासणीला काही पाठवलं नव्हतं.

पाच महिन्यांनी त्याच टाक्यांच्या रेषेवर पेरूएवढी गाठ. या वेळी रिपोर्ट मागवला: सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा कॅन्सर. ही गाठ छान सुटून येते तेच तिचं फसवं लक्षण. वरून जे आवरण वाटतं ते खरं आवरण नसून दाबल्या गेलेल्या कॅन्सरच्याच पेशी असतात. बोटाने गाठ सोडवली की तो थर आत राहतो. आता रुंद कापायचं तर मांडीवर कातडी पुरत नव्हती, आणि फ्लॅप, म्हणजे शेजारची कातडी, फिरवून आणायची कला मला येत नव्हती. जे काम पहिल्या दिवशी एका तासात झालं असतं त्यासाठी कुत्र्याला दुसऱ्या शहरात न्यावं लागलं.

तेव्हापासून तीनेक वर्षं, दवाखाना बंद न ठेवता, मी हे शिकत गेलो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भागात प्रॅक्टिस करणाऱ्यांना तो क्रम उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. परदेशी पुस्तकात मार्जिन (गाठीभोवती सोबत काढलेली निरोगी कडा) अरुंद राहिलं तर रेडिएशन द्या असं सहज लिहिलेलं असतं. आपल्या भागात कुत्र्याला रेडिएशन कुठून देणार? म्हणून पहिल्या सर्जरीचं वजन आपल्याकडे तिथल्यापेक्षा जास्त आहे. प्रगत ट्रेनिंगचा मोठा भाग चाकू हातात घेण्याआधीचाच आहे, हे मला उशिरा कळलं.

पायरी पहिली: आपलंच रजिस्टर उघडा

कोर्स शोधण्याआधी सहा महिने दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक गाठीची नोंद ठेवा. जात, वय, नर-मादी, नसबंदी झाली का, गाठ कुठे, किती सेंटिमीटर, किती दिवसांची. सोबत मोजपट्टी ठेवून फोटो. माझी पानं दोनच गोष्टींनी भरली: मादीच्या स्तनाच्या गाठी आणि टीव्हीटी (कुत्र्यांत समागमातून पसरणारी गाठ). त्यांच्या मागोमाग कातडीच्या गाठी, म्हाताऱ्या नराच्या गुदद्वाराभोवतीच्या गाठी, अधूनमधून प्लीहा. म्हणजे शिकायची सुरुवात कुठून करायची ते ठरलं. जबडा काढण्याचं वर्कशॉप बघायला रोमांचक असतं, पण आपल्या टेबलावर वर्षात तशी केस किती वेळा येते ते आधी बघा.

सरकारी दवाखान्यातल्या मित्रांना वाटतं, आपण गाई-म्हशीचे डॉक्टर, हे आपलं काम नव्हे. उलट लांब शिंगांच्या बैलाचा शिंगाचा कॅन्सर ज्यांनी काढलाय, कॉर्न्युअल नर्व्ह ब्लॉक देऊन (शिंगाची नस बधिर करून), कातडीचा फ्लॅप राखून, त्यांनी कॅन्सर सर्जरी केलेलीच आहे. हात तयार आहे, फक्त कातडी पातळ झाली आणि मालक उशाशी बसून रडणारा झाला.

पायरी दुसरी: सुई आणि काच

सुईने गाठीतल्या पेशी काढून काचेवर बघणं, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. 22 किंवा 23 गेजची सुई, 5 मिलीची सिरिंज. गाठ दोन बोटांत धरा, सुई आत घालून दोन-तीन दिशांनी फिरवा, बाहेर काढण्याआधी ओढलेला दट्ट्या सोडून द्या, नाहीतर सगळा माल सिरिंजमध्ये जातो आणि काचेवर काहीच येत नाही. सुई काढून सिरिंजमध्ये हवा भरा, सुई परत लावा, काचेवर फुंकर मारल्यासारखा थेंब सोडा. दुसरी काच अलगद वरून सरकवा. दाबलं की पेशी फुटतात. लिम्फ नोड (लसीका ग्रंथी) किंवा मास्ट सेलची (हिस्टामिन साठवणाऱ्या पेशींच्या गाठीची) शंका असेल तर सिरिंज न लावता नुसती सुई टोचणं बरं, रक्त कमी मिसळतं. काच हवेत वाळवा आणि जीम्सा किंवा लीशमनने रंगवा.

एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो: रंगवायच्या काचा आणि फॉर्मॅलिनची बाटली एकाच डब्यात ठेवून पाठवतो. फॉर्मॅलिनच्या वाफेने काचा बिघडतात, मग लॅबवाला 'वाचता येत नाही' लिहितो आणि आपण लॅबला नावं ठेवतो.

पहिल्या शंभर काचा स्वतः बघा आणि सोबत जाणकाराकडेही पाठवा. शहरातल्या एखाद्या पॅथॉलॉजिस्टकडे आठवड्यातून एक संध्याकाळ बसता आलं तर सोनं. माणसांचे डॉक्टर असले तरी पेशी वाचायची शिस्त तीच. हळूहळू काही चेहरे ओळखीचे होतात. टीव्हीटीच्या गोल पेशींत कडेने पारदर्शक थेंबांची माळ दिसते. मास्ट सेलमध्ये जांभळे दाणे भरलेले असतात. झटपट स्टेनमध्ये ते कधी कधी रंगच घेत नाहीत, तेव्हा जीम्साने पुन्हा रंगवून बघा. सार्कोमा मात्र सुईला बऱ्याचदा पुरेशा पेशी देत नाही. काच रिकामी आली म्हणजे गाठ साधी, असा अर्थ काढू नका. तिथे बायोप्सी लागते.

टीव्हीटीचं वेगळं सांगतो, कारण आपल्या गल्ल्यांत मोकळी फिरणारी कुत्री आहेत तोवर ही गाठ येत राहणार. ही कापायची नसते. व्हिन्क्रिस्टिन 0.5 ते 0.7 मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, आठवड्यातून एकदा, शिरेतून, साधारण चार ते सहा डोस. प्रत्येक डोसआधी रक्ताची मोजणी. औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी गळून पडते, म्हणून नीट बसलेला कॅथेटर पाहिजे, आणि हातात ग्लोव्हज. मी कॉलेजातून बाहेर पडल्यावर पहिली दोन वर्षं टीव्हीटी कापत होतो. त्या परत यायच्या आणि मी परत कापायचो.

पायरी तिसरी: बायोप्सी आणि बाटली

बायोप्सीचा छेद कुठे द्यायचा हे पुढच्या मोठ्या सर्जरीची रेषा आधी मनात आखून ठरवायचं. पायावर असेल तर पायाच्या लांबीला समांतर. तो छेद नंतर गाठीसोबत निघून गेला पाहिजे. आडवा घातला की पुढे दुप्पट कातडी काढावी लागते. व्रण पडलेल्या गाठीच्या मधल्या कुजक्या भागातून तुकडा घेऊ नका. 6 किंवा 8 मिलिमीटरचा पंच (गोल तुकडा कापणारं हत्यार) बऱ्याच कातडीच्या गाठींना पुरतो. सरळ अख्खी गाठ काढून मगच तपासायची, हे फक्त तेव्हाच, जेव्हा निदान काहीही आलं तरी सर्जरी तीच राहणार असते. स्तनाची गाठ बहुधा त्यात बसते.

फॉर्मॅलिन 10 टक्के, बफर केलेलं. बाजारातलं फॉर्मॅल्डिहाइड एक भाग, पाणी नऊ भाग, आणि लिटरला मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट 4 ग्रॅम, डायबेसिक 6.5 ग्रॅम. तुकड्याच्या दहापट द्रव. जाडी एक सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचत नाही, म्हणून मोठ्या गाठीला एका बाजूने चिरा द्या, पण मार्जिनच्या कडेला धक्का लावू नका. बाटली रुंद तोंडाची. ताजा तुकडा अरुंद तोंडातून आत जातो, कडक झाल्यावर बाहेर येत नाही. एकदा लॅबमधून फोन आला होता, "बाटली फोडू का?"

पायरी चौथी: पसरलाय का ते आधी बघा

छातीचे एक्स-रे तीन: डावी कूस, उजवी कूस, आणि उताणं. एकाच कुशीचा काढला तर खालच्या बाजूच्या दबलेल्या फुफ्फुसातली गाठ लपते. तीन काढूनही पाच-सात मिलिमीटरपेक्षा लहान गाठी दिसतीलच असं नाही, हे मालकाला आधीच सांगा. जवळच्या लिम्फ नोडमध्ये सुई टाकाच, मोठा लागला नाही तरी. स्तनाच्या गाठीत काखेतला आणि जांघेतला दोन्ही. पोटाची सोनोग्राफी प्लीहा, यकृत आणि मास्ट सेलच्या केसमध्ये. गुदग्रंथीच्या कॅन्सरमध्ये रक्तातलं कॅल्शियम बघायचं. ते वाढलेलं असलं तर आधी ते उतरवा, मग भूल.

पायरी पाचवी: हात कुठे शिकवायचा

आपल्याकडे एमव्हीएससी (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) दोन वर्षांची, विषय सर्जरी अँड रेडिओलॉजी. कॅन्सर सर्जरी त्याच्या पोटात येते. वय आणि घर परवानगी देत असेल तर हाच पक्का रस्ता. कर्नाटकात बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाखाली बंगळुरूचं हेब्बाळचं कॉलेज आणि आपल्या जवळचं गदग. महाराष्ट्रात नागपूरच्या 'माफसू'खाली (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) परळचं बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज, 1886 पासूनचं, आणि हायवेवरचं शिरवळ. बेळगावहून शिरवळ गाडीने एका दिवसात गाठता येतं, त्यामुळे सीमेवर राहण्याचा हा एक खराखुरा फायदा: दोन राज्यांच्या कॉलेजांचे दरवाजे ठोठावता येतात. केसेसची गर्दी बघायची तर मुंबई. परळचं जुनं जनावरांचं हॉस्पिटल आहेच, आणि 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं हॉस्पिटल सुरू झालं. चेन्नईचं मद्रास व्हेटरनरी कॉलेज, लुधियाना आणि बरेलीजवळचं इज्जतनगर इथेही लहान प्राण्यांच्या सर्जरीचे मोठे विभाग आहेत.

एमव्हीएससी जमणार नाही त्यांच्यासाठी माझा सल्ला: एकाच विभागात वर्षातून तीन-चार वेळा, दर वेळी आठवडाभर, निरीक्षक म्हणून जा. आधी पत्र, मग विभागप्रमुखांना भेट. तेच तेच चेहरे दिसायला लागले की तिसऱ्या खेपेला कोणीतरी म्हणतं, "हात धुऊन या." इंडियन सोसायटी फॉर व्हेटरनरी सर्जरीची वार्षिक परिषद चुकवू नका. भाषणं घरीही ऐकता येतात, पण तिथे चहाच्या रांगेत जी ओळख होते ती पुढे रात्री अकरा वाजता फोन उचलते.

अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सचा रस्ता ज्यांना खुणावतो त्यांनी हिशेब आधीच मांडावा: पदवीनंतर इंटर्नशिप, मग तीन वर्षांची रेसिडेन्सी, बोर्डाची परीक्षा, आणि त्यानंतर सर्जिकल ऑन्कॉलॉजीची वेगळी फेलोशिप. पंचविशीतल्या मुलाने जरूर बघावा. माझ्यासारख्याने त्यांचे ऑनलाइन कोर्स घ्यावेत.

वर्कशॉपला पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. एका कॅडॅव्हरवर (मृत जनावरावर) किती जण? हातात चाकू किती तास? पॅथॉलॉजिस्ट शिकवायला आहे का? नंतर केस पाठवून विचारता येईल का? हे प्रश्न मला सुचले ते एका दोन दिवसांच्या 'हँड्स-ऑन' कोर्सनंतर. टेबलाभोवती आम्ही चौदा जण होतो. मला शिकवणाऱ्यांचा आवाज ऐकू आला, आणि पुढच्या दोघांच्या टोप्या स्पष्ट दिसल्या. जेवण चांगलं होतं.

कॅडॅव्हरवर शिकायचं मुख्य काम म्हणजे फ्लॅप. कातडी पुढे सरकवणं, फिरवणं, आणि रक्तवाहिनीसकट उचलणं. पोटाखालची कॉडल सुपरफिशियल एपिगॅस्ट्रिक धमनी धरून उचललेला फ्लॅप मांडीपर्यंत पोचतो. माझ्या लॅब्राडोरला तोच हवा होता. घरी सरावासाठी: भूल दिलेल्या प्रत्येक पेशंटवर, टाके घालायच्या आधी, मार्करने फ्लॅप आखून बघा, कातडी कुठवर ताणते ते चिमटीत धरून पाहा. काहीही न कापता दिवसाला एक धडा होतो.

पायरी सहावी: कोणत्या केस आधी

स्तनाच्या गाठींनी सुरुवात करा. कुत्रीत ढोबळमानाने निम्म्या गाठी घातक असतात, मांजरीत पाचपैकी चार किंवा त्याहून जास्त. म्हणून दोघींची सर्जरी वेगळी. कुत्रीत अर्धा सेंटिमीटरची मोकळी गाठ नुसती काढली तरी चालते. मोठी असेल तर ती ग्रंथी किंवा शेजारच्या ग्रंथींसकट, मार्जिन स्वच्छ येईल इतकं. मांजरीत मात्र पूर्ण साखळीच (एका बाजूच्या सगळ्या ग्रंथी) काढायची, आणि दोन्ही बाजू असतील तर दोन आठवड्यांच्या अंतराने, एकाच वेळी दोन्ही काढून श्वास घ्यायलाही कातडी न उरेल असं करू नका. पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर कुत्रीत स्तनाच्या गाठीचा धोका नसबंदी न केलेलीच्या तुलनेत अर्धा टक्का, एका माजानंतर 8, दोननंतर 26, हे आकडे 1969 च्या अभ्यासातले. पुढे त्यांच्या पुराव्यावर शंका घेतल्या गेल्या, तरी मालकाशी बोलताना ते माहीत हवेत.

त्यानंतर गुदद्वाराभोवतीची साधी गाठ, जी बऱ्याचदा नुसत्या खच्चीकरणानेच आकसते. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकाचा उन्हाने झालेला कॅन्सर. मग मास्ट सेल. मास्ट सेलची गाठ सर्जरीआधी चोळामोळा करू नका, आतलं हिस्टामिन सुटतं. आधी अँटिहिस्टामिन आणि पोटाचं औषध द्या. कमी ग्रेडच्या (कमी आक्रमक) गाठीला बाजूने 2 सेंटिमीटर आणि खाली एक अखंड फॅशियाचा (स्नायूंवरच्या पडद्याचा) थर. केस काढल्यावर, कातडी सैल असताना पट्टीने मोजून मार्करने आखा. डोळ्याने घेतलेले 2 सेंटिमीटर मोजले की सव्वा भरतात, मी पैज लावतो. सार्कोमाला 3 सेंटिमीटर धरा.

प्लीहा आणि पाय काढणं हे दुसऱ्या वर्षी, जाणकार सोबत असताना. जबडा, यकृताचे लोब, अॅड्रिनल हे अजून मीही पुढे पाठवतो.

टेबलावरच्या सवयी लहान असतात पण त्यांनीच निकाल ठरतो. गाठीला पकडून ओढू नका, भोवतीच्या कातडीला धरा. शिरा आधी बांधा. गाठ निघाली की ग्लोव्हज आणि हत्यारं बदला, मग जखम बंद करा. ड्रेन (साचलेलं पाणी बाहेर काढणारी नळी) लागलाच तर तो जखमेच्या अगदी शेजारून बाहेर काढा. लांबून काढला तर परत सर्जरीच्या वेळी तो सगळा मार्गही कापावा लागतो. आतले टाके पॉलिडायोक्झॅनोनचे, कॅटगट नको.

भुलीत आपल्या भागाची एक गोष्ट लक्षात ठेवा: मुधोळ. बागलकोटच्या बाजूने, जमखंडी-रायबागहून ही कुत्री येतात. अंगावर चरबी नाही, त्यामुळे थायोपेंटोन दिलं की तासन्‌तास उठत नाहीत. प्रोपोफॉल वापरा, अंग गरम ठेवा. जखमेच्या रेषेत बधिर करणारं ब्युपिव्हॅकेन, कुत्र्यात एकूण 2 मिलिग्रॅम प्रति किलोच्या वर नाही, मांजरात त्याच्या निम्मं, आणि शिरेत कधीच नाही.

पायरी सातवी: मालकाशी बोलणं, दोन भाषांत

टिळकवाडीतल्या मावशी मराठीत विचारतात, गोकाकचे शेतकरी कन्नडमध्ये. प्रश्न एकच: "परत येईल का?" "मत्त बरतैती एन्री?" संमतीपत्र दोन्ही भाषांत छापून ठेवा, आणि त्यात तीन गोष्टी ठळक असू द्या: गाठीपेक्षा जखम बरीच मोठी दिसेल, रिपोर्टचा खर्च सर्जरीच्या खर्चातच धरलाय, आणि मार्जिन स्वच्छ आलं नाही तर दुसरी सर्जरी लागू शकते. रिपोर्टचे पैसे वेगळे मागितले की लोक नको म्हणतात. खर्चात धरले की कोणी विचारतही नाही.

खानापूर भागातल्या पेशंटची तारीख शक्यतो जून ते सप्टेंबर टाळा, गाठ थांबण्यासारखी असेल तर. तिकडे पावसात कुत्रं अंगणातच राहतं, आणि ओली जखम टाके सोडते. घाईची असेल तर टाके निघेपर्यंत दवाखान्यात ठेवून घ्या.

पायरी आठवी: वही

प्रत्येक केसला एक पान. ठरवलेलं मार्जिन, प्रत्यक्ष घेतलेलं, रिपोर्टमध्ये आलेलं. जखम फाटली का, पाणी साचलं का. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी मालकाला फोन. हा फोन कोणीच करत नाही, आणि मेलेल्या पेशंटच्या घरी करताना जीभ जड होते. तरी करा. पन्नास पानं भरली की आपण कुठे चुकतो ते दुसऱ्या कोणी सांगावं लागत नाही. माझ्या वहीत दिसलं की मी बाजूने नीट कापतो पण खोलीत भितो.

मार्जिन वाचता यावं म्हणून गाठ बाटलीत टाकण्याआधी तिच्या कापलेल्या कडा काळ्या ड्रॉइंग इंकने रंगवायच्या. आधी टिपून कोरडी करा, कापसाने शाई लावा, पाचेक मिनिटं वाळू द्या, वरून जरासा व्हिनेगर, मग फॉर्मॅलिन. डोक्याकडची बाजू कळावी म्हणून तिथे एक टाका. शाई मी खडेबाजारातल्या स्टेशनरीतून घेतो. दर दोन महिन्यांनी एक बाटली. दुकानदार म्हणतो, "डॉक्टर, पोरगं चित्रकलेत लईच पुढं गेलंय वाटतं."